घोकायचंच तर मराठीत कशाला?



२०२१ पासून मराठीतून अभियांत्रिकी शिकायची सोय झाली, तशी पुस्तकंही येऊ लागली. आनंद आहे. पण नेटवर्किंगची मूळ पुस्तकंच घोकंपट्टीची असतील, तर मुलं तेच मराठीत घोकतील. दुसरं काय होणार?

पुतण्याचं परीक्षेचं इंग्रजी पुस्तक चाळलं. ओएसआयचे सात थर तीन ठिकाणी, तक्त्यांसकट. मात्र नेटवर्क कार्डावर पॅकेट येऊन पडलं की ऑपरेटिंग सिस्टिम त्याचं करते काय, यावर एक ओळ नाही.

हे सांगणं इतकं अवघड आहे का? मोंढ्यात एरवी गाडी आली की गाडीवाला हमालाला हाक मारतो. सोयाबीनच्या हंगामात प्रत्येक हाकेला ओ देत बसलं तर पोती उतरायची कधी? हमाल पहिल्या हाकेला उठतो आणि मग ओळीने गाड्या रिकाम्या करत जातो. लिनक्समधली ‘नॅपी’ ही पद्धत अशीच चालते. पहिल्या इंटरप्टला, म्हणजे कार्डाच्या हाकेला, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) जागा होतो, त्या कार्डाचे पुढचे इंटरप्ट बंद करतो आणि पॅकेटं उचलत सुटतो. एका दमात साधारण ६४, म्हणजे दुसरं कार्ड ताटकळत नाही. रांग संपली की इंटरप्ट पुन्हा चालू.

प्राध्यापक म्हणतात, हे कोडसकट शिकवावं तर कोड सतत बदलतो, पुस्तक शिळं होतं. होतंच. लिनक्सची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते. बेनव्हेनुती यांचं लिनक्स नेटवर्किंगवरचं २००५ चं जाडजूड पुस्तक २.६ कर्नलवरचं आहे. राइट आणि स्टीव्हन्स यांनी १९९५ साली ४.४ बीएसडी-लाइट या ऑपरेटिंग सिस्टिमचा सुमारे १५,००० ओळींचा नेटवर्किंग कोड छापून समजावला. तो आज जसाच्या तसा कोण चालवतो? तरी मजकुराची पुन्हा पुन्हा कॉपी न करता त्याच्यापुढे हेडर कसं जोडायचं, हे त्यातल्या ‘एमबफ’च्या (पॅकेट ठेवायच्या बफरच्या) प्रकरणातून आजही कळतं. उलट, आपल्या गाइडांत शिळं व्हायला कोडच नसतो!

लिहिणारे नाहीत म्हणावं, तर अच्युत गोडबोले यांनी ऑपरेटिंग सिस्टिम्सवर इंग्रजीत पाठ्यपुस्तक लिहिलं आणि मराठीत ‘किमयागार’ही. तेव्हा भाषांतराची कंत्राटं देण्याआधी एकच प्रकरण मराठीत लिहवून घ्या: एक पॅकेट, कार्डापासून प्रोग्रॅमच्या हाती पडेपर्यंत. कोड कोणत्या आवृत्तीचा, ते पहिल्याच पानावर छापा. सात थर परिशिष्टात टाकले तरी चालतील.

— एक वाचक, पिंगळी (जि. परभणी)