भाडे एक, शब्द तीन!

बालमित्रांनो, मराठीत 'भाडे' हा एकच शब्द. इंग्रजीत मात्र तीन! पालघरहून उमरोळीमार्गे बोईसरला जाताना रेल्वेच्या तिकिटाला पैसे मोजतो, ते 'फेअर'. तारापूरच्या कारखान्यात नोकरी लागलेले काका बोईसरला खोली घेतात, तिचे दरमहा भाडे म्हणजे 'रेंट'. लग्नासाठी दोन दिवस खुर्च्या आणायच्या, तर त्या 'हायर' करायच्या.

स्पेलिंगही सांभाळा हं! भाड्याचे 'फेअर' एफ-ए-आर-ई. एफ-ए-आय-आर लिहिलेत, की झाली जत्रा!

आईबाबांना इंग्रजीत भाडेपावती लिहायची असेल, तर तुम्ही मदत करा. खोलीपुढे 'फेअर' लिहिलेत, तर खोली रुळांवरून धावू लागेल!

आता सांगा बघू, रिक्षावाल्याला काय द्याल?