शिस्त रक्तात नसते

जपानहून परतलेल्या आपल्या मंडळींचे भाषण ऐकण्याचा योग या वर्षात आम्हांस तीनदा आला. एकदा गणेशोत्सवात, एकदा एका निवृत्तिसमारंभात आणि एकदा आगगाडीच्या डब्यात, जेथून उठून जाण्याचीही सोय नव्हती. वक्ते निराळे होते, भाषण एकच होते. टोकियोतील चार दिवस, शिबुयाचा चौक, असाकुसाचे सेन्सोजी मंदिर, ६३४ मीटर उंचीचा स्कायट्री मनोरा, आणि अखेरीस ठरलेला उसासा : "काय सांगावे! शिस्त त्यांच्या रक्तातच आहे. आपल्याकडे हे होणे नाही."

आमचे भांडण या उसाशाशी आहे. वरवर पाहता तो जपानी लोकांचा गौरव वाटतो. वस्तुतः त्यात त्यांचाही अपमान आहे. ज्या माणसांनी खपून, भांडून, पैसा ओतून एक शहर राहण्याजोगे केले, त्यांना आपण सांगतो की तुम्ही काही केलेच नाही, तुमचा जन्मच तसा. आणि आपल्या वाट्याला त्यातून काय येते? सुटका! ज्या अर्थी रक्तात नाही, त्या अर्थी टेबलावर असण्याचेही कारण नाही.

आम्हीही टोकियोत चारच दिवस होतो. (रजा आणि परवानगी यांचे कागद हलण्यास त्याच्या दसपट दिवस लागले, ते असो.) तेव्हा आमचा अधिकार त्या वक्त्यांहून मोठा नाही. पहिले दोन दिवस आम्हीही मान उंचावून मनोरेच पाहिले. शिंजुकु स्थानकाला दोनशेहून अधिक दारे आहेत. त्यांतील नको त्या दारातून बाहेर पडून आम्ही अर्धा तास हिंडलो आणि पाट्यांच्या रंगांवरून व अंकांवरून परत वाटेला लागलो. त्या पाट्या काही रक्तातून उगवलेल्या नव्हत्या. कोणीतरी बसून, आमच्यासारखा भांबावलेला परका माणूस डोळ्यांसमोर आणून, त्या लिहिल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी शिन-किबा स्थानकावर उतरून आम्ही युमेनोशिमाला गेलो. १९५४ साली बिकिनी बेटाजवळील अणुस्फोटाच्या राखेत सापडलेली मासेमारी नौका 'दाइगो फुकुर्यू मारू' तेथे जतन केली आहे. ती पाहावी, एवढाच हेतू होता. नौका पाहिली. परंतु आमचे लक्ष खिळले ते त्या भूमीवर. युमेनोशिमा म्हणजे स्वप्नांचे बेट. हे बेट टोकियोचा उकिरडा होते! १९५७ पासून दहा वर्षे महानगराचा कचरा येथे समुद्रात लोटला जात होता. १९६५ च्या उन्हाळ्यात येथून उठलेल्या माश्यांनी शेजारच्या कोतो प्रभागात असा कहर केला की, शेवटी तेल ओतून तो उकिरडा पेटवावा लागला. ती नौकासुद्धा याच कचऱ्याच्या परिसरात टाकून दिलेली होती.

आता आमचा साधा प्रश्न असा की, १९६५ साली हे रक्त कोठे गेले होते? सुमिदा नदीवरील आतषबाजी हा त्या शहराचा जुना उत्सव. नदीची दुर्गंधी आणि वाहनांची गर्दी यांपायी तो १९६१ नंतर बंद पडला आणि १९७८ पर्यंत भरला नाही. माणसे तीच, वंश तोच. मधल्या काळात सांडपाण्याच्या नळवाहिन्या पडल्या, कारखान्यांवर निर्बंध आले. नदीला फरक पडला तो त्याने.

आणि हे गोडीगुलाबीनेही झाले नाही. १९७१ मध्ये टोकियोचे राज्यपाल मिनोबे र्योकिची यांना 'कचरायुद्ध' जाहीर करावे लागले. सुगिनामी प्रभागातील सुखवस्तू रहिवासी आपल्या हद्दीत कचऱ्याची भट्टी होऊ देईनात. मग १९७३ मध्ये कोतोच्या लोकांनी सुगिनामीच्या कचरागाड्या अडविल्या. आमचा कचरा तुमच्या दारात नको, आणि तुमचा आमच्या दारात तर मुळीच नको! हे भांडण आपल्या कोणत्या गावात ऐकू येत नाही? पुढच्या वर्षी न्यायालयात तडजोड झाली आणि कालांतराने सुगिनामीतच भट्टी उभी राहिली. ज्या रेन्कोजी मंदिरात नेताजींच्या अस्थी असल्याचे मानले जाते, ते याच सुगिनामीत आहे. आपली मंडळी तेथे जाऊन नतमस्तक होतात. परतताना त्या प्रभागाचा हा इतिहासही कोणी विचारील तर बरे.

"रस्त्यावर कचरापेटी नाही, तरी कागदाचा कपटा नाही" हेही एक आवडते वाक्य. १९९५ साली भुयारी रेल्वेत विषारी वायूचा घातपात झाला आणि त्यानंतर स्थानकांतील पेट्या मोठ्या प्रमाणावर हलविल्या गेल्या, हे त्या वक्त्यांच्या गावीही नसते. लोक कचरा घरी नेतात हे खरे. पण ती शाळेत स्वतःचा वर्ग झाडून अंगी बाणवलेली सवय आहे. सवय आणि रक्त या दोन वस्तू निराळ्या आहेत. त्या शहराचे सारेच आम्हांस हवे आहे असेही नव्हे. रात्रीच्या शेवटच्या गाडीत उभ्याउभ्या झोपणारे कारकून आम्ही पाहिले, आणि आमचे बंधू म्हणून त्यांची कीव आली.

शिन-किबाहून बागेकडे जाताना पायाखाली पिवळ्या उठावदार फरश्या लागतात. मियाके सेइइची यांनी १९६५ साली त्या अंध पादचाऱ्यांसाठी शोधल्या. १९६७ मध्ये ओकायामात त्या प्रथम रस्त्यावर आल्या. त्यांच्यावरून चालताना आम्हांस लाज वाटली. आमच्या कचेरीतील एका दृष्टिहीन सहकाऱ्याने फाटकापासून लिफ्टपर्यंत अशाच फरश्या मागितल्या होत्या. तो अर्ज चौदा महिने फिरला. त्यावर 'नियमानुसार कार्यवाही व्हावी' असा शेरा मारून तो पुढे ढकलणाऱ्यांत आम्हीही होतो. अखेर फरश्या बसल्या. त्या फाटकापासून निघतात आणि कुंड्यांच्या रांगेला जाऊन भिडतात. सहकारी आजही भिंत चाचपतच लिफ्ट गाठतात. देयक मात्र पूर्ण लांबीचे मंजूर झाले आहे.

मोजपट्टी घेऊन कोणी गेले होते काय, असे आम्ही परतल्यावर विचारले. एका वरिष्ठांनी हसून उत्तर दिले, "अहो, हा काही जपान नव्हे."

कुंड्या हलवून उरलेल्या फरश्या बसविण्याविषयीची टिपणी आम्ही सोमवारी पुन्हा सादर केली आहे.