आपलोच म्हणजे कोणाचो?

दादरहून मध्यरात्री सुटणाऱ्या तुतारी एक्सप्रेसने ऐन गणपतीत कधी गेलायत का तुम्ही? नसाल तर एकदा जाच. (बसायला जागा मिळेल याची हमी मी देत नाही.) पनवेल येईपर्यंत डब्यात सगळे मुंबईकर असतात. पनवेल मागे पडलं की काय होतं कोण जाणे, एकेक जण मालवणीवर घसरतो. "तुमी खयचे?" "आमी आचऱ्याचे." "मगे आमच्या बाजूचेच म्हणा!" आता हा 'बाजूचेच' म्हणणारा असतो बांद्याचा, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचा. पण त्या रात्री सगळेच बाजूचे. कुणी चकल्यांचा डबा उघडतो, कुणी अनोळखी माणसाच्या पोराला मांडीवर घेतो.

सकाळी कुडाळला उतरायचं, रिक्षा ठरवायची. गावाचं नाव सांगितलं की रिक्षावाला पुढचा प्रश्न विचारतो, "वाडी खयची?"

प्रश्न साधा आहे, त्याला कुठे सोडायचं ते कळायला हवं. पण आमच्याकडे वाडीचं नाव सांगितलं की जातही सांगून होते. रात्रभर जो नुसता 'मालवणी' होता, तो या एका प्रश्नाने मराठा, भंडारी, गाबीत, ब्राह्मण, बौद्ध होऊन बसतो. जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, ते चांगलंच झालं. पण नवीन नावाचा अर्थही रिक्षावाल्याला बरोब्बर कळतो!

मुळात हे 'मालवणी' नाव कुठून आलं? माझी आजी जन्मभर मालवण तालुक्यात राहिली आणि तिने आपल्या बोलीला कधी मालवणी म्हटलेलं मला आठवत नाही. विचारलं तर म्हणायची, "आमी बोलतंव ती." ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ सालचा. त्यात इकडच्या बोलीला कुडाळी म्हटलंय आणि ती कोकणीच्या कुटुंबात घातलीय. जनगणनेतही मालवणी कोकणीखालीच मोजतात. आणि आम्ही? मातृभाषेच्या रकान्यात आमच्यातले बहुतेक जण मराठी लिहितात. जिल्हा तरी कधीचा? १ मे १९८१ चा. त्याआधी आम्ही रत्नागिरीवाले, आणि त्याच्याही आधी अर्धा मुलूख सावंतवाडी संस्थानात.

माझं मत असं, की आम्हाला मालवणी केलं ते मुंबईने. गिरणगावातल्या चाळीत घाटावरचे, कोकणातले, उत्तरेचे असे सगळे एकाच नळावर आले तेव्हा आम्हाला कळलं की आपण काहीतरी वेगळे आहोत. मग १९८० साली गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' आलं. मच्छिंद्र कांबळींनी ते मुंबईच्याच नव्हे तर लंडनच्याही रंगमंचावर नेलं आणि ज्या बोलीची शाळेत लाज वाटायची तिला टाळ्या पडायला लागल्या. पाठोपाठ मालवणी जेवणाची हॉटेलं आली. (मालाडची मालवणी वेगळी, तिकडे वडे-सागोती शोधायला जाऊ नका.)

आता थोडं विषयांतर. माझा भाचा अमेरिकेत असतो. त्याने एकदा फोनवर विचारलं, "मामा, इथल्या फॉर्मवर 'गोरे' असा एक रकाना असतो. माझ्या टीममध्ये एक आयरिश घराण्यातला आहे, एक इटालियन, एक पोलिश. तिघांचं जेवण वेगळं, सण वेगळे, पण खूण तिघंही तिथेच करतात. हे गोरे म्हणजे नक्की काय?"

मी काही त्यातला तज्ज्ञ नाही, पण थोडं वाचलं होतं ते सांगितलं. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट १९९८ च्या करारापर्यंत एकमेकांच्या जिवावर उठले होते. अमेरिकेत तेच दोघे एका रकान्यात. इटालियन लोकांना तरी तिकडे सुखाने कुठे घेतलं होतं? १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या जमावाने अकरा इटालियनांना ठार मारलं. त्यांची पोरंनातवंडं यथावकाश गोरी झाली. आपल्या भगतसिंग थिंद यांना मात्र १९२३ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की शास्त्रज्ञ तुम्हाला कॉकेशियन म्हणत असतील, पण साध्या माणसाच्या समजुतीप्रमाणे तुम्ही गोरे नाही, तेव्हा नागरिकत्व नाही! म्हणजे गोरं कोण हे रंगावरून ठरलं नाही, संस्कृतीवरूनही नाही. दाराबाहेर कोणाला ठेवायचं त्यावरून ठरलं. सगळ्या गोऱ्यांची मिळून एक संस्कृती आहे का? मला तरी नाही वाटत. रकाना आहे, आणि त्या रकान्याचे फायदे होते म्हणून माणसं त्यात शिरली.

फोन ठेवला आणि लक्षात आलं, की आमचं बरोब्बर उलटं आहे. आमच्याकडे रकाना नाही, संस्कृती मात्र खरीखुरी एक आहे. दशावतारातला संकासुर कुठल्या एका वाडीचा नाही. पिंगुळीच्या ठाकरांनी सांभाळलेली चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या आम्ही सगळेच 'आमच्या' म्हणून पाहुण्यांना दाखवतो. (पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या जिल्ह्याची कॉलर ताठ झाली होती.) गाऱ्हाणं सुरू झालं की 'व्हय महाराजा' सगळ्यांच्याच तोंडून निघतं. मालवणच्या बाजारात मासे घेताना गाबतीण, ख्रिस्ती बाई आणि मुसलमान चाची यांचं भांडण ऐका. हेलात थोडा फरक, शिव्या त्याच.

सगळं एक आहे. फक्त ताट एक नाही.

हे लिहायला मला जड जातंय, पण लिहितो. माझा एक मित्र आहे, आमच्याच गावचा, बौद्धवाडीतला. शाळेत एका बाकावर होतो, मुंबईत पुढे एकाच ऑफिसात लागलो. दादरच्या एका हॉलमध्ये गाववाल्यांचं स्नेहसंमेलन असायचं तिथे त्याच्या मुलीने मालवणीत अशी काही एकपात्री केली की लोक हसून हसून बेजार! ज्यांनी तिला उचलून घेतलं त्यांत माझे काका होते. आम्ही मराठे, देवळातल्या मानकऱ्यांच्या घरातले. मुंबईत तो आमच्याकडे शंभर वेळा जेवलाय, आम्ही त्याच्याकडे.

त्याच वर्षी गणपतीला तो गावच्या घरी आला. दर्शन घेऊन ओटीवर बसला. काकूने आतून चहा पाठवला. सगळ्यांना कपबशी आणि त्याला स्टीलचा ग्लास. बाकी काही नाही. कुणी वाकडं बोललं नाही, उलट मोदकांचा आग्रह केला. त्याने चहा प्यायला, ग्लास ओटीच्या कडेला ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी भजनाला किती माणसं येणार याबद्दल कुणाशी तरी बोलत राहिलो.

तेवढंच. आज त्याला वीसेक वर्षं झाली.

आमच्या गावात १९५६ नंतर त्याच्या वाडीने देवळाची, गावकीची कामं सोडली. म्हातारी माणसं अजून म्हणतात, "तेंनीच गाव सोडल्यानी." पण ती कामं कसली होती, आणि ती करून त्यांना उभं कुठे राहायला मिळायचं, हे कुणी बोलत नाही. उर्मिला पवारांचं 'आयदान' २००३ साली आलं. ते रत्नागिरीकडचं, पण वाचताना मला आमच्याच गावची पाणंद दिसत होती. कोकणावर लिहिलेली इतकी ललित पुस्तकं मी वाचली होती, आणि ती पाणंद तोवर एकातही दिसली नव्हती.

यावर लोक म्हणतील, अहो, जात सगळीकडेच आहे, त्यासाठी मालवणी अस्मिता कशाला मोडीत काढता? मी मोडीत नाही काढत. ती मला हवीच आहे. माझ्या मुलांना मालवणी येत नाही याचं मला दुःख आहे. पण आमची एकी समोर परका असला की जोरात असते, हे दिसतंच ना. मलप्याचे ट्रॉलर आले की अख्खा किनारा एक. पर्ससीन जाळ्यांवर २०१६ मध्ये राज्याने निर्बंध आणले तेव्हा मात्र वाद मुख्यतः आपसातलाच होता, रापणवाला आणि पर्ससीनवाला दोघेही इथलेच. तिथे अस्मितेने काही ठरवता आलं नाही.

परतीच्या गाडीत त्या वर्षी आम्ही समोरासमोर बसलो होतो. 'येवा, कोकण आपलोच आसा' असं कुणाच्या तरी पिशवीवर छापलं होतं. त्याने ते वाचलं आणि अगदी सहज म्हणाला, "ता पाव्हण्यांका, रे. आमका बोर्ड खय आसा?" मग खिडकीबाहेर बघायला लागला. मी काही बोललो नाही. दुसऱ्यांदा.

काकू गेली. स्टीलचे ग्लास अजून घरात आहेत, आता सगळेच त्यातून पितात, कारण कपबशा फुटल्या. मित्र रिटायर झाला, बदलापूरला असतो. मुलगी पुण्यात. गेल्या महिन्यात फोन केला होता त्याला, यंदा गणपतीला एकत्र जाऊया, आमच्याकडेच जेवायला ये म्हणून. म्हणाला, "बगूया." मी म्हटलं, तसं नको, आधी आम्ही तुझ्याकडे येतो जेवायला, बायकोला घेऊन, वाडीत. मग तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "तुज्या घरच्यांका चलात?"

घरी अजून बोललेलो नाही. तिकिटं मात्र चार काढून ठेवलीत.