अर्धा किलो चिवडा, वजन दीड किलो

दिवाळीच्या महिनाभर आधीपासून व्हॉट्सअ‍ॅपवर घरगुती फराळाच्या जाहिराती यायला लागतात. साजूक तूप, घरची चव, पामतेल नाही, आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरात "घरपोच फ्री!!" मंडळी, त्या शेवटच्या दोन शब्दांवर माझा राग आहे. ते लिहिणाऱ्या दहापैकी नऊ जणींनी (आणि जणांनी) घरपोच पाठवायला नेमका किती खर्च येतो हे कधी काढलेलंच नसतं, असं माझं ठाम मत आहे.

हे मत आत्यामुळे झालं. आत्या पुण्यात फराळ करून विकते. तिची हिशेबाची वही बघण्यासारखी आहे. बेसन, तूप, वेलदोडा, गॅस, इतकंच काय मिक्सरचं वीजबिलसुद्धा अंदाजाने लिहिलेलं. कुरिअरच्या रकान्यात मात्र सगळीकडे एकच आकडा: ९०. म्हटलं, हा कुठून आला? तर म्हणे, "अरे, अर्धा किलो चिवडा, वर खोका धरून सातशे ग्रॅम. म्हणजे एक किलोचा दर. त्यात काय एवढं!"

तर त्यात बरंच काही आहे. कुरिअरवाले फक्त वजनाचे पैसे घेत नाहीत. खोका गाडीत किती जागा अडवतो तेही बघतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि त्याला ५००० ने भागायचं. उत्तर येतं किलोमध्ये. याला म्हणायचं व्हॉल्युमेट्रिक वजन. हे आणि काट्यावरचं वजन यातलं जे जास्त, त्याचे पैसे. (भाजक सगळीकडे ५००० नसतो. विमानाने जाणाऱ्या मोठ्या मालाला ६००० धरतात, काही कुरिअर ५००० पेक्षा कमी धरतात. भाजक जितका लहान, तितका आपला खिसा हलका. दरपत्रकात बारीक अक्षरात असतो, शोधायचा.)

५००० चा अर्थ सोप्या भाषेत सांगायचा तर पाच लिटरच्या खोक्याला एक किलो. ज्या वस्तूचं वजन लिटरमागे २०० ग्रॅमपेक्षा कमी, ती पाठवताना तुम्ही हवेचं भाडं भरता. आणि पातळ पोह्यांचा चिवडा म्हणजे दुसरं काय हो? शेंगदाणे सोडले तर हवाच!

आत्याचा चिवड्याचा खोका २५ बाय २० बाय १५. गुणाकार ७५००, म्हणजे दीड किलो. काट्यावर ७०० ग्रॅम. आता गंमत बघा. तिचा एक किलो बेसन लाडवांचा खोका २० बाय १५ बाय १०, म्हणजे व्हॉल्युमेट्रिक फक्त ६०० ग्रॅम, पण खरं वजन सव्वा किलोच्या आत-बाहेर. दर अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्याने लागतो आणि प्रत्येक वेळी वरचा टप्पा धरतात (प्रोग्रामर मंडळींसाठी: राऊंड नाही, सील). म्हणजे सव्वा किलोचेही दीड किलो. थोडक्यात, अर्धा किलो चिवडा आणि एक किलो लाडू पाठवायला सारखेच पैसे!

हिशेबापुरता दर धरू: पहिल्या अर्ध्या किलोला ५० रुपये, पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला ४०. दीड किलोचे १३०. त्यावर १८ टक्के जीएसटी, जो दर सांगताना बहुधा सांगत नाहीत आणि बिलात मात्र हमखास येतो. झाले १५३ रुपये ४० पैसे. आत्याची जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे तो कर तिला कुठे वळताही करून घेता येत नाही. (नोंदणी नसताना राज्याबाहेर करपात्र माल विकता येत नाही, म्हणून तिची गिऱ्हाइकं महाराष्ट्रातलीच. पण पुणे ते नागपूर हेही सुमारे ७०० किलोमीटर आहे, आणि अंतराप्रमाणे दर वाढतो तो वेगळाच.)

चिवडा २५० रुपये, वर कुरिअरचे ९०. सामान, गॅस आणि खोका मिळून १५० जातात असं धरलं तर आत्याची मजुरी उरते १०० रुपये. प्रत्यक्षात कुरिअर १५३, म्हणजे ६३ रुपये त्या मजुरीतून गेले. आता समजा खोका ठासून भरला, तो थोडा फुगला, वरून चिकटपट्टीचे चार वेढे, आणि तिन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटर वाढला. २६ बाय २१ बाय १६. भागाकार १.७५ च्या घरात, म्हणजे दोन किलोचा टप्पा, म्हणजे करासकट २०० रुपये ६० पैसे. पहाटे उठून पोहे चाळून, भाजून, खोबऱ्याचे काप तळून आत्याने वर स्वतःच्या खिशातले दहा रुपये घातले! एका सेंटिमीटरपायी!!

आणि हे तिला कळतं कधी? पार्सल पोचल्यावर. कंपनीचं मोजमाप वेगळं आलं की फरक तिच्या खात्यातून परस्पर कापला जातो, आणि तक्रार करायला मोजके दिवस असतात. मी तिच्या मोबाइलमध्ये एक सवय बसवून दिली आहे: प्रत्येक खोका काट्यावर, शेजारी मोजपट्टी, एक फोटो. यामुळे दोनदा पैसे परत मिळाले, एकदा नाही मिळाले. असो.

आता "पैसे घरी आल्यावर देतो" हा प्रकार. नवीन काही नाही, टपालखात्याची व्हीपीपी १८७७ पासून आहे, आणि व्हीपी न सोडवणारी मंडळीही तेव्हापासूनच असणार. कुरिअरच्या भाषेत परत आलेल्या मालाला आरटीओ म्हणतात (लायसन्सवालं नव्हे, रिटर्न टू ओरिजिन). इथे लोकांचा हिशेब हमखास चुकतो, कारण खर्च शंभर पार्सलांचा असतो आणि पैसे आलेले असतात त्याहून कमी पार्सलांचे. समजा शंभरातली वीस परत आली. जायचे प्रत्येकी १५० धरून १५,०००. परतीचेही तेवढेच धरले तर वीसचे ३,०००. हे १८,००० वसूल करायचे ते उरलेल्या ऐंशींकडून, म्हणजे प्रत्येकी २२५. परत आलेला चिवडा कोणी पुन्हा विकत नाही, तेव्हा वीस पाकिटांचं सामान १५० प्रमाणे ३,०००, म्हणजे आणखी साडेसदतीस. झाले २६२ रुपये ५० पैसे. चिवडा २५० चा! मी तर म्हणतो, खाण्याच्या वस्तूला उधारीचा हा दरवाजा बंदच ठेवावा. आधी यूपीआय, मग खोका.

"पण मोठ्या कंपन्या फ्री देतात, मग आमच्याकडून कोण घेणार?" हा आत्याचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. पण त्या तरी कुठे फुकट देतात? अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत २००५ मध्ये प्राइम सुरू केलं तेच वर्षाला ७९ डॉलर आगाऊ घेऊन. वर त्यांना लाखो पार्सलांचा घाऊक दर मिळतो. आत्याने त्यांची नक्कल करायची म्हणजे कोथरूडच्या गिऱ्हाइकाकडून चार पैसे जास्त घेऊन गडचिरोलीच्या गिऱ्हाइकाचं भाडं भरायचं, आणि तेही पुरलं नाही तर स्वतः. त्यापेक्षा पिनकोड विचारून खरा आकडा सांगावा. तिची अडचण वेगळीच आहे. "ओळखीच्या माणसांकडून कुरिअरचे पैसे कसे मागायचे रे?" याला सूत्र नाही.

खोक्याला मात्र आहे. वस्तू ठरवून मग खोका शोधण्यापेक्षा खोका ठरवून त्यात वस्तू बसवायच्या. २५ बाय २० बाय १०, म्हणजे बरोबर पाच लिटर. त्यात एक किलो लाडू आणि उरलेल्या जागेत पाव किलो चिवडा. काट्यावर खोक्यासकट १ किलो ४५० ग्रॅम. टप्पा दीड किलोचाच, भाडं तेच १५३, आणि माल सव्वा किलो. जड वस्तूच्या भाड्यात हलकी वस्तू बसून जाते. खोका थोडा फुगला तरी इथे बिघडत नाही. हा "जोडडबा" आत्याला पटला, कारण अशी जोडी लोकांना आवडते हे तिला माझ्याआधीच माहीत होतं.

चकलीचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. चकली मोडते, म्हणून चहूबाजूंनी दोन-दोन सेंटिमीटर बबल रॅप हवा. त्याने २० बाय १५ बाय १० चा खोका २४ बाय १९ बाय १४ होतो, म्हणजे ६०० ग्रॅमचे एकदम १ किलो २७७ ग्रॅम. दुपटीहून जास्त, आणि वाढलं काय तर हवा. मी आत्याला चकली वेगळ्या आकारात पाडता येईल का असं विचारून बघितलं. तिने माझ्याकडे असं काही बघितलं की मी लॅपटॉप मिटला. "चकल्या इथे येऊन न्या म्हणावं," असा तूर्तास निकाल आहे.