फुलांची सहल : लांबची आणि जवळची

प्रवासाचे फायदे या विषयावर निबंध लिहिला नाहीं, असा विद्यार्थी आपल्या शाळेंत शोधूनही सांपडावयाचा नाहीं. प्रवासानें ज्ञान वाढतें, धैर्य येतें, निरनिराळ्या लोकांच्या चालीरीति समजतात, वगैरे वाक्यें त्या निबंधांत ठराविक क्रमानें येतात, आणि परीक्षकही त्यांस ठराविक गुण देतात. परंतु अमुक एक प्रवास कां करावा, त्यासाठीं पैसा व वेळ किती खर्चावा, आणि घरीं परततांना आपल्या गांठीं काय असावें, हा विचार त्यांत क्वचितच आढळतो. तोच विचार एका विशेष सहलीच्या निमित्तानें वाचकांपुढें मांडावा, असा आमचा हेतु आहे. ती सहल म्हणजे वसंत ऋतूंत ट्यूलिपच्या बागा पाहण्यासाठीं, सोबत स्वतंत्र मार्गदर्शक घेऊन, केलेली एका दिवसाची सहल.

अलीकडे या सहलीची आवड आपल्याकडेही वाढली आहे. कोणी काश्मिरांत जाऊन श्रीनगरची बाग पाहून येतो. कोणाचे आप्त परदेशीं नोकरीस असतात, ते हॉलंडांतील बागांचीं चित्रें धाडतात. स्वतःपुरती मोटार, स्वतःपुरता मार्गदर्शक, सकाळीं निघावें आणि दिवेलागणीस मुक्कामावर परतावें, असा हा बेत असतो. वडील मंडळींपैकीं कांहीं यास उधळपट्टी म्हणतात. तरुण मंडळींपैकीं कांहींना त्यावांचून जन्म फुकट गेलासें वाटतें. आम्हांस हीं दोन्ही मतें एकांगी वाटतात. म्हणून प्रथम त्या बागांतील खरी गोष्ट काय आहे, ती पाहूं.

हॉलंडांत लिसे नांवाच्या गांवाजवळ क्युकेनहोफ ही बाग आहे. ती १९५० सालीं लोकांस खुली झाली. तिचा विस्तार सुमारें ३२ हेक्टर, म्हणजे जवळजवळ ८० एकर आहे. दरवर्षीं थंडीच्या आरंभीं तेथील माळी सुमारें ७० लाख कंद हातानें जमिनींत लावतात. आणि एवढ्या खटाटोपानंतर बाग उघडी राहते ती मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, अवघे आठ आठवडे! श्रीनगरची बाग झबरवान पर्वताच्या पायथ्याशीं, दल सरोवराच्या बाजूस आहे. ती २००७ सालीं खुली झाली. तिचा बहर मार्चअखेरीस सुरू होतो आणि सुमारें महिनाभर टिकतो. ट्यूलिपच्या कंदाला कांहीं आठवडे चांगली थंडी मिळाल्यावांचून त्यास नीट फूल येत नाहीं, आणि पुढें उष्मा वाढला कीं पाकळ्या गळूं लागतात. आपल्या मराठवाड्याच्या उन्हांत हें फूल उघड्या शेतांत कां दिसत नाहीं, हें यावरून कळेल.

या फुलाचा इतिहासही मनोरंजक आहे. हॉलंड म्हटलें कीं ट्यूलिप आठवतें. पण मुळांत तें तेथील नव्हेच. मध्य आशियांतील डोंगराळ मुलुखांत तें आपोआप उगवत असे. तुर्कांनीं त्याची लागवड वाढविली. आणि तेथून तें युरोपांत गेलें. क्लूसियस नांवाचा वनस्पतिशास्त्रज्ञ १५९३ सालीं लायडनच्या विद्यापीठांत आला व त्यानें तेथील बागेंत हे कंद लावले. पुढें चाळीसएक वर्षांत या कंदांचें त्या देशास असें वेड लागलें कीं, १६३६-३७ च्या हिंवाळ्यांत एखाद्या दुर्मिळ कंदाची किंमत चांगल्या कारागिराच्या वर्षाच्या मिळकतीहून अधिक झाली. फेब्रुवारी १६३७ मध्यें हा सर्व डोलारा एकाएकीं कोसळला. त्यांतही गंमत अशी कीं, ज्या पट्टेदार, ज्वाळेसारख्या रंगाच्या फुलांसाठीं लोक घरदार विकावयास निघाले, त्यांचे ते पट्टे म्हणजे एक रोग होता. मावा नांवाचा जो बारीक कीडा आपल्या हरभऱ्यावर व कपाशीवर पडतो, त्याच्याच जातीचे कीटक तो विषाणु एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतात, हें विसाव्या शतकांत उघडकीस आलें.

आतां कोणी विचारील कीं, फूल पाहण्यास एवढी माहिती कशाला? त्यास आमचें उत्तर असें कीं, डोळ्यांना रंग दिसतो, पण रंगामागील कारण दिसत नाहीं; तें कोणी तरी सांगावें लागतें. लिसेच्या आसपास शेतकऱ्यांचीं ट्यूलिपचीं शेतें आहेत. तेथें फुलें पूर्ण उमललीं, कीं शेतकरी तीं सर्वच्या सर्व छाटून टाकतो. अजाण प्रवाशास हा केवळ नाश वाटतो. परंतु त्या शेतकऱ्याचें पीक फूल नसून कंद आहे; फूल छाटल्यानें झाडाची शक्ति कंदांत उतरते व तो पोसतो. तसेंच, प्रवाशांनीं छायाचित्रासाठीं शेतांत शिरूं नये अशी तेथें विनवणी असते. कारण पायाखालीं कंद चिरडतात आणि जोड्यांच्या मातीबरोबर रोग एका वाफ्यांतून दुसऱ्या वाफ्यांत जातो. या दोन गोष्टी जाणता मार्गदर्शक दहा मिनिटांत समजावून देतो. त्यावांचून दिवसभर हिंडूनही त्या समजत नाहींत. चाळीसपन्नास माणसांच्या घोळक्यामागें धांवणाऱ्या मुलास प्रश्न विचारण्याची सवडच नसते. म्हणून, ज्याला ऐपत आहे त्यानें स्वतंत्र मार्गदर्शक घेतला तर तो पैसा वायां गेला, असें आम्ही म्हणणार नाहीं. मात्र मोबदला, वेळ व पाहण्याचीं ठिकाणें आधीं ठरवून घ्यावीं. नाहीं तर बागेपेक्षां दुकानेंच अधिक पाहण्यांत येतात.

येथपर्यंत आमच्याशीं सहमत झालेल्या वाचकांस आतां आम्ही एक प्रश्न विचारतों. फूल, त्याचा ऋतु, त्याच्यामागचे श्रम आणि तें समजावून सांगणारा जाणता माणूस, या चार गोष्टींसाठींच जर ही सहल असेल, तर त्या चारी गोष्टी मुदखेडास नाहींत काय?

मुदखेड हें नांव रेल्वेच्या वेळापत्रकांत पुष्कळांनीं वाचलें असेल. मनमाडहून सिकंदराबादेस जाणारा लोहमार्ग येथून जातो आणि आदिलाबादचा फांटा येथेंच फुटतो. नांदेड येथून अवघे २० ते २५ किलोमीटर. परंतु गाडी बदलण्याचें ठिकाण यापलीकडे मुदखेडची ओळख पुष्कळांना नसते. वस्तुतः हा टापू फुलशेतीसाठीं प्रसिद्ध आहे. मोगरा, गुलाब, झेंडू, शेवंती, गलांडा, निशिगंध अशीं फुलें येथील शेतकरी पिकवितात, आणि तीं नांदेडच्या बाजारांत व तेथून पुढें दूरच्या शहरांतही जातात. आपल्या घरच्या पूजेच्या तबकांतलें किंवा लग्नमंडपाच्या तोरणांतलें फूल कोणत्या मळ्यांतून आलें, हें आपण कधीं विचारलें आहे काय? जेथें पिकतें तेथें विकत नाहीं, ही म्हण आपण फुलांच्या बाबतींत अक्षरशः खरी करून दाखविली आहे.

येथें पाहण्यासारखें काय आहे, असें विचारणाऱ्यानें मोगऱ्याच्या दिवसांत पहांटे मळ्यांत उभें राहावें. मोगऱ्याची कळी उमलण्यापूर्वींच तोडावी लागते. उमलली कीं तिचें मोल गेलें. म्हणून उन्ह चढण्याच्या आंत घरचीं सर्व माणसें ताटव्यांतून वांकून एकेक कळी खुडीत असतात. कळ्या वजनाला इतक्या हलक्या कीं, किलोभर भरावयास हजारों वेळां हात चालवावा लागतो. मग ओल्या फडक्यांत बांधून तो माल वेळेवर बाजारांत गेला तर पैसा. तास दोन तास उशीर झाला तर माल असूनही मोल नाहीं. हॉलंडच्या शेतकऱ्याचा कंद महिने टिकतो. आमच्या शेतकऱ्याची कळी एक दिवसही टिकत नाहीं. या एका भेदांत शेती, व्यापार व हवामान या तिन्ही विषयांचा एकेक धडा सांठविलेला आहे.

निशिगंधाचा वाफा पाहिला तर ट्यूलिपचीही उणीव राहणार नाहीं. कारण निशिगंधही कंदापासूनच येतो, आणि एक कंद उकरून हातीं घेतला कीं झाड आपलें अन्न जमिनींत कसें सांठवितें, हें पुस्तकावांचून समजतें. ज्यांना ट्यूलिप परदेशांतून गेलें याचें नवल वाटलें, त्यांनीं हेंही ऐकावें : निशिगंध व झेंडू हीं मूळचीं मेक्सिकोकडचीं, गलांडा अमेरिकेचा आणि शेवंती चीनची. दसऱ्याच्या तोरणांत झेंडू नसेल तर सण झाल्यासारखें वाटत नाहीं. पण तोही एके काळीं पाहुणाच होता. मोगरा मात्र आपल्याच बाजूचा.

आतां व्यापाराची गोष्ट. हॉलंडांत आल्समेर येथें फूलउत्पादकांनीं १९११-१२ च्या सुमारास सहकारी लिलाव सुरू केले. तेथील लिलावाच्या घड्याळाचा कांटा चढ्या भावापासून खालीं उतरत जातो. जो व्यापारी तो प्रथम थांबवील, त्या भावाला माल त्याचा. सर्वांसमक्ष, क्षणांत सौदा होतो. आपल्याकडे शेतकरी टोपली अडत्यापुढें ठेवतो आणि त्याच्या तोंडाकडे पाहतो. दसरा-दिवाळीस भाव चढतो, एरव्हीं तो इतका उतरतो कीं तोडणीची मजुरीही निघत नाहीं. त्यांत आतां मांडवांत प्लॅस्टिकचीं फुलें आलीं. शिवाय हें सर्व विहिरीच्या पाण्यावर अवलंबून. २०१६ सालच्या एप्रिलांत शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून रेल्वेनें पिण्याचें पाणी आणावें लागलें होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या प्रांतांत फुलांचा मळा हिरवा ठेवणें हें केवढें साहस आहे, तें कळेल.

म्हणून आमची सूचना अशी कीं, शाळेनें व पालकांनीं मिळून दर वसंतांत मुदखेडच्या मळ्यांची एका दिवसाची सहल काढावी, आणि ती लहान लहान तुकड्यांनीं काढावी. दहा-बारा विद्यार्थी, एक शिक्षक आणि मार्गदर्शक म्हणून स्वतः मळ्याचा मालक किंवा मालकीण. पहांटे निघावें, तोडणी पाहावी, मालाबरोबर बाजारापर्यंत जावें, लिलाव ऐकावा आणि उन्ह तापण्यापूर्वीं परतावें. शेतकऱ्यास त्याच्या वेळेचा मोबदला आधीं ठरवून द्यावा. श्रीनगरच्या किंवा परदेशच्या मार्गदर्शकास आपण आनंदानें पैसे देतों. मग आपल्याच गांवच्या जाणत्या माणसाचें ज्ञान तेवढें फुकट कां असावें? मुलांनीं बांधावरून चालावें, ठिबकाच्या नळ्यांवर पाय देऊं नये, न विचारतां एक कळीही तोडूं नये, आणि घरीं नेण्यासाठीं फुलें घेतलीं तर सांगितलेल्या भावांत घासाघीस करूं नये.

या सूचनेवर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, शेत तर मुलें रोजच पाहतात. यास उत्तर हेंच कीं, तीं शेताजवळून रोज जातात, शेत पाहत नाहींत. एक वाफा किती दिवसांत फुलावर येतो, एका टोपलीमागें हातीं काय उरतें, हे दोन प्रश्न दहावीच्या विद्यार्थ्यांस विचारून पाहा. किती जण उत्तर देतात तें कळेल. दुसरा आक्षेप असा कीं, यामुळें मुलांची दृष्टि संकुचित होईल, त्यांनीं दूरचें जग पाहिलें पाहिजे. दूरचें जग पाहूं नये असें आम्ही म्हटलेलेंच नाहीं. उलट, ज्यानें मोगऱ्याची तोडणी पाहिली आहे, तोच लिसेच्या शेतांत छाटलेल्या फुलांच्या राशी पाहून योग्य प्रश्न विचारील. ज्याला घरचें मोजमाप नाहीं, त्याला बाहेरचें सर्व सारखेंच मोठें दिसतें.

परंतु आमचें मुख्य कारण याहून निराळें आहे. या भागांतील शाळांत असा एखादा विद्यार्थी असतोच कीं, जो पहांटे घरच्या मळ्यांत तोडणी करून मग वर्गांत येतो. कधीं त्यास उशीर होतो, कधीं बांकावर त्याचा डोळा लागतो, आणि सोबती त्यास हंसतात. आपल्या बापाचा धंदा सांगतांना तो खालीं पाहतो. त्याच्या अभ्यासाचा वेळ घरच्यांनीं सांभाळला पाहिजे, याविषयीं दुमत नाहीं, आणि पालकांस आमची तशी आग्रहाची विनंती आहे. परंतु ज्या दिवशीं त्याचेच शिक्षक व सोबती त्याच्या मळ्यांत येऊन त्याच्या आईला ‘ही कळी आजची कीं उद्यांची, हें तुम्हीं कसें ओळखलेंत?’ असें विचारतील, आणि ती वर्गांतल्या सर्वांस उत्तर देईल, त्या दिवशीं तो मान वर करील. ट्यूलिपची कोणतीही बाग हें काम आपल्यासाठीं करूं शकणार नाहीं.

पालकांनीं येत्या वसंताच्या सुट्टीचे बेत ठरवितांना एवढा विचार करावा. काश्मीर व हॉलंड कोठें पळून जात नाहींत. ज्यांस जाणें शक्य आहे त्यांनीं जरूर जावें, जाणता मार्गदर्शक घ्यावा आणि डोळे उघडे ठेवून यावें. परंतु त्याआधीं एक पहांट मुदखेडच्या मळ्यास द्यावी. तिकिटाचा खर्च थोडा, मार्गदर्शकाची भाषा आपली, आणि दिलेला पैसा आपल्याच शेजाऱ्याच्या घरांत जाईल.