गंज कोणाला चढतो?

जुन्या अमेरिकन मोटारी शोधणे व सांभाळणे हा धनिकांचा चाळा होय, असे म्हणून नाक मुरडणे समाजवाद्यांना सोपे आहे; न्याय्य मात्र नाही. लिलावात लक्षावधी डॉलर मोजणारा संग्राहक आणि शेतावरच्या कोठारात धूळ खात पडलेली शेवरले घरी आणून सुट्टीच्या दिवशी कार्बुरेटर उघडून बसणारा माणूस, हे दोघे एक नव्हेत. हा दुसरा गृहस्थ एका दाराच्या बिजागरीसाठी भंगारवाल्यांकडे महिनोन् महिने खेटे घालतो, तळाचा सडलेला पत्रा कापून नवा जोडतो. दरसाल नवे रूप बाजारात आणून कालची गाडी आज जुनाट ठरवायची, हे तंत्र आल्फ्रेड स्लोन यांच्या जनरल मोटर्सने १९२०च्या दशकात रूढ केले. त्याला या माणसाने पान्या-हातोडीने दिलेले उत्तर कोणत्याही भाषणाहून खणखणीत आहे.

आक्षेप आहे तो त्याच्या ‘अस्सल’पणाच्या कल्पनेवर. इंजिनाचा क्रमांक मूळचा हवा, रंगाची छटा तीच हवी. प्रदर्शनात एका चुकीच्या बोल्टपायी गुण कापले जातात. दाराच्या उंबऱ्यावर ‘बॉडी बाय फिशर’ ही पट्टी शाबूत दिसली की मंडळी धन्य होतात. पण १९३७च्या शेवरलेचा इतिहास त्या पट्टीपाशी संपतो काय? ३० डिसेंबर १९३६ रोजी मिशिगनमधील फ्लिंट येथे फिशर बॉडीच्या कामगारांनी कारखान्यातच ठाण मांडले. ऐन हिवाळ्यात ते मोटारींच्या गाद्यांवर निजले. ११ जानेवारीला पोलिसांनी अश्रुधूर सोडला, गोळ्या झाडल्या. कामगारांनी पाण्याचे फवारे सोडून आणि दारांच्या बिजागऱ्या फेकून त्यांना परतवले. होय, संग्राहक आज ज्यांच्यासाठी वणवण करतो त्याच बिजागऱ्या! ४४ दिवसांनी, ११ फेब्रुवारी १९३७ रोजी, जनरल मोटर्सला कामगार संघटनेशी करार करावा लागला. प्रदर्शनात गाडीपुढच्या फलकावर अश्वशक्ती लिहिलेली असते. तेथे या ४४ दिवसांचीही एक ओळ का असू नये?

आज त्याच फ्लिंटमध्ये दर ऑगस्टला जुन्या मोटारींची जत्रा भरते. १९७८च्या सुमारास या परिसरात जनरल मोटर्सचे सुमारे ८०,००० कामगार होते. आता त्यांचा दशांशही उरलेला नाही. जत्रेतल्या प्रत्येक मालकाला धास्ती असते ती गंजाची. कंपनीलाही ती होतीच. एप्रिल २०१४मध्ये खर्च वाचवण्यासाठी शहराला फ्लिंट नदीचे पाणी देण्यात येऊ लागले. त्याने इंजिनांचे भाग गंजतात असे आढळताच ऑक्टोबर २०१४मध्ये तेथील इंजिन कारखान्याने ते बंद करून दुसरीकडून पाणी घेतले. नागरिकांच्या घरांतले नळही त्याच पाण्याने झिजत होते, त्यांतून शिसे पोरांच्या पोटात जात होते. त्यांच्यासाठी पाणी बदलले ते ऑक्टोबर २०१५मध्ये.