फूटभर विक्रांत

तुमच्या ऑफिसमधल्या कपाटाचा रंग कोणता? ग्रे. करेक्ट. आता सांगा, कोणता ग्रे? बघा, झाली ना पंचाईत! गेले चार महिने मी याच पंचाइतीत आहे, कारण मी ‘आयएनएस विक्रांत’चं मॉडेल बनवतोय.

जुनी विक्रांत हं. १९६१ साली नौदलात आलेली, १९७१च्या युद्धात बंगालच्या उपसागरात लढलेली, १९९७ला निवृत्त झालेली. लांबी सातशे फूट. मॉडेलचं प्रमाण सातशेला एक, म्हणजे बोट बरोब्बर फूटभर. वन-रूम-किचनला परवडणारं युद्धजहाज! प्लास्टिक शीट कापून झाली, डेक झाला, इवलीशी सी-हॉक विमानंही झाली. गाडी अडली ती रंगावर.

काळ्यात पांढरा मिसळला की झाला ग्रे, असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण तो ग्रे निघतो निळसर. मग त्यात टाचणीच्या टोकाएवढा पिवळा घालायचा. तो जरा जास्त झाला की रंग शेवाळी. ओला रंग वेगळा, वाळलेला वेगळा. रात्री ट्यूबलाइटखाली झकास जमलेली शेड सकाळी खिडकीत नेली की ओळख दाखवत नाही. आणि खरा रंग डबीत मिळाला, तरी तो मॉडेलला जसाच्या तसा लावायचा नाही! फुटावरून माझं मॉडेल बघणं म्हणजे सातशे फुटांवरून खरी बोट बघणं. मधल्या हवेमुळे लांबचा रंग फिकट दिसतो. म्हणून मॉडेलवाले त्यात थोडा पांढरा घालतात. थोडा म्हणजे किती? यावर मैत्र्या तुटू शकतात, बॉस.

“मग सरळ जाऊन बोट बघ ना,” ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली. मॅडम, बोट आहे कुठे? मुंबईत म्युझियम म्हणून उभी होती, ते २०१२ला बंद झालं. २०१४ला लिलाव झाला आणि दारुखान्यात तिची तोडणी सुरू झाली. २०२२ला आलेली विक्रांत नवी. नाव तेच, बोट दुसरी.

उरला एक फोटो. मी शाळेत असताना तिच्या डेकवर काढलेला. पण प्रिंट इतका तांबूस पडलाय, की माझा पांढरा शर्टही गुलाबी दिसतो. आणि उरले बाबा. नेव्हल डॉकयार्डात फिटर होते, विक्रांत रोज बघायचे.

मी सहा पट्ट्या रंगवून त्यांच्यापुढे ठेवल्या. बाबांनी क्षणात पाच नंबर उचलला. “हाच. पैज लाव.”

मी पाच नंबरची डबीभर शेड बनवली. दुसऱ्याच आठवड्यात बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर टेबलाशी आले आणि म्हणाले, “हा निळा कुणी लावला रे?”

डॉक्टरांनी समजावलं. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग पिवळट होत जातं, निळा रंग अडवतं. इतकी वर्षं बाबा पिवळ्या काचेतून बघत होते. त्यामुळे आठवणीतल्या ग्रेशी जुळायला त्यांना जास्त निळी पट्टी लागली. आता उजवा डोळा म्हणतो तीन नंबर, डावा अजून पाचवर ठाम. बाबा एकेक डोळा झाकून दोघांची साक्ष घेत बसले.

“पण बाबा, खरा कुठला?”

“अरे, तिचा कधी एकच रंग होता का? एका बाजूला रंग लावून होईस्तोवर दुसरी बाजू खाऱ्या हवेनं उतरलेली असायची. मग गंज खरवडायचा, तिथे ठिगळ लावायचं. नवं ठिगळ लांबूनही ओळखू यायचं.”

चार महिने मी एक नंबर शोधत होतो. हे त्यांना आधी विचारायचं सुचलंच नाही. विचारत होतो फक्त, “कुठली पट्टी?”

मग बोटीला तीन नंबर मारला. मागच्या बाजूला, पाण्याच्या रेषेजवळ, नखाएवढं एक ठिगळ मात्र पाच नंबरचं. बाबांनी मॉडेल फूटभर अंतरावर धरलं. आधी डावा डोळा झाकला, मग उजवा. मग दोन्ही उघडे ठेवून बराच वेळ बघत राहिले.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. ठिगळ तसंच ठेवणार आहे.